कोंकणकिनाऱ्यावरील छात्रसेना आणि तिचे दाते

छात्रसेनेचा विषय निघाला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रजासत्ताकदिनाचें संचलन येतें. इस्त्रीचा खाकी गणवेश, एका तालांत पडणारीं पावलें आणि ध्वजाला दिलेली मानवंदना, एवढेंच चित्र सामान्य घरांतून परिचित असतें. परंतु तो गणवेश कोणाच्या पैशानें आला, ज्या पटांगणावर कवाईत झाली तें पटांगण कोणाच्या दानानें मिळालें, आणि सुटीच्या दिवशीं सकाळीं त्या मुलांना रांगेंत उभें करणारा मनुष्य कोणत्या मोबदल्यावर तेथें येतो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. छात्रसेनेचा इतिहास नीट समजून घ्यावयाचा तर आरंभ याच प्रश्नांपासून केला पाहिजे. मालवणचा किनारा, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, या दृष्टीनें विशेष पाहण्याजोगा आहे; कारण या मुलखानें शिपाई पुष्कळ दिले, पण पैसा मात्र त्याला नेहमींच बाहेरून आणावा लागला.

या किनाऱ्याला शस्त्राची ओळख नवी नव्हे. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि सुमारें तीन वर्षांत तो जलदुर्ग उभा राहिला. गाबीत, भंडारी, मराठा, महार, मुसलमान अशा नाना समाजांतील माणसें मराठ्यांच्या गलबतांवर व किल्ल्यांवर राबलीं. पुढें राज्य गेलें, तरी शिपाईगिरी गेली नाहीं. जमीन डोंगराळ, भाताचें एकच पीक, आणि खाणारीं तोंडें अधिक. म्हणून घरटीं एक माणूस मुंबईस गिरणींत, नाहीं तर आगबोटीवर, नाहीं तर पलटणींत, ही कोंकणची रीतच होऊन बसली. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेर इंग्रजांची जी सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली, तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या पलटणींतून कोंकणी मराठ्यांचा भरणा होता. घरीं मनीऑर्डर यावयाची ती थांबली, म्हणजे मुलगा कोठल्या तरी वाळवंटांत अडकला आहे एवढेंच खेड्यांतील म्हातारीला कळावयाचें.

परंतु ही शिपाईगिरी पोटाची होती. तिच्यांत मान नव्हता असें नाहीं. पण वर जाण्याची वाट नव्हती. हिंदी माणूस सुभेदार-मेजर झाला कीं त्याची मजल संपली. खऱ्या अंमलदारीचा हुद्दा गोऱ्यांसाठीं राखलेला असे. शिवाय कोणी शिपाई व्हावें आणि कोणी होऊं नये, हें सरकार जातीवरून ठरवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनीं कंपनीच्या झेंड्याखालीं लढाया मारल्या, त्यांच्या मुलांस छावणीचा दरवाजा लागला. दापोली ही त्या काळीं लष्करी पेन्शनरांची वसाहत होती. तेथें राहिलेले निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. महार पलटण पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटीं १९१७ सालीं पुन्हा उभारली गेली, १९२१ सालीं मोडली गेली, आणि अखेर १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट स्थापन झालें. लष्करी शिक्षणाचें दार कोण उघडतो आणि कोणासाठीं उघडतो, हा प्रश्न कोंकणाच्या अंगणांतला होता, हें यावरून ध्यानांत येईल.

शिकलेल्या तरुणांस लष्करी शिक्षण मिळावें ही मागणी जोरानें पुढें आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळांत. १९१७ सालीं हिंदी संरक्षणदलाचा कायदा झाला आणि त्याखालीं विश्वविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या तुकड्या काढण्यांत आल्या. रत्नागिरीस जन्मलेले लोकमान्य टिळक यांनीं या भरतीचा पुरस्कार केला. मात्र त्यांची एक अट होती. १९१८ सालीं त्यांनीं गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठविला. हिंदी माणसास अंमलदाराचे हुद्दे देण्याचें वचन सरकारकडून मिळवून द्यावें. मग महाराष्ट्रांतून ५,००० जवान उभे केले जातील, आणि तसें न झाल्यास ही रक्कम दंड समजावी, असा त्या चेकचा अर्थ होता. गांधीजींनीं चेक परत केला. पण या प्रसंगानें एक गोष्ट स्पष्ट झाली. जवान मिळणें कठीण नव्हतें आणि प्रसंगीं पैसाहि उभा राहिला असता. कठीण होतें तें बरोबरीच्या मानाचें वचन मिळणें.

१९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानें विद्यापीठांतील या तुकड्यांस कायम स्वरूप आलें व त्यांस युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर हें नांव मिळालें. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतील कित्येक तरुणांनीं बंदूक प्रथम हातीं धरली ती याच कोअरमध्यें. पण कॉलेजच्या दारापर्यंत पोंचलेल्या मुलांपुरतीच ही सोय होती. दक्षिण कोंकणांतून मॅट्रिक होणारे मूठभर. त्यांतून मुंबईस अथवा पुण्यास राहण्याचा खर्च झेपणारे त्याहून थोडे. खुद्द रत्नागिरीस कॉलेज निघालें तें १९४५ सालीं. तात्पर्य, ज्या किनाऱ्यानें पिढ्यान् पिढ्या शिपाई पुरविले, त्याच किनाऱ्यावरील शाळकरी मुलास या शिक्षणाचा वारा लागत नव्हता.

कायद्यानें जें मिळत नव्हतें तें दानानें मिळवावें, असा विचार याच सुमारास महाराष्ट्रांत मूळ धरूं लागला. कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं पुण्यास श्रीशिवाजी स्मारकाची संस्था निघाली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांसारखे संस्थानिक तिच्या पाठीशीं उभे राहिले. शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा तयार होऊन १६ जून १९२८ रोजीं त्याचें अनावरण झालें. परंतु पुतळा म्हणजे स्मारकाचा अर्धाच भाग होय. त्याच संस्थेनें १९३२ सालीं श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल काढून तें काम पुरें करण्याचा यत्न केला. ब्राँझच्या घोड्याशेजारीं जिवंत मुलें कवाईत करूं लागलीं.

दुसरा यत्न नाशिकास झाला. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे व्यवसायानें नेत्रवैद्य. पण लष्करी शिक्षण हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता. १९३१ सालीं गोलमेज परिषदेहून परततांना त्यांनीं युरोपांतील लष्करी शाळा पाहिल्या, इटलींत मुसोलिनीची भेट घेतली, आणि तेथील फॅसिस्ट राजवटीच्या बालसंघटनांचें कौतुक केलें. १९३५ सालीं त्यांनीं सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९३७ सालीं नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालें. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, अमळनेरचे प्रतापशेठ अशा धनिकांनीं या शाळेस सढळ हातानें साहाय्य केलें. झोळी घेऊन हिंडणारा एक मनुष्य काय करूं शकतो, याचें तें उदाहरण होय.

परंतु या दोन्ही संस्थांकडे तटस्थपणें पाहिलें म्हणजे दानाची मर्यादाहि दिसून येते. दान संस्था जन्मास घालतें हें खरें. पण दात्याचा हेतुहि तिच्या पाळण्यांत येऊन बसतो. एका संस्थेमागें एका समाजाचा अभिमान होता, दुसरीच्या नांवांतच एका धर्माचें नांव होतें. शिवाय या शाळा फी भरून शिकण्याच्या. मालवणच्या रापणकराचा मुलगा किंवा कणकवलीच्या कुळवाड्याचा मुलगा तेथवर जाणार कसा? ज्याच्या घरीं आधींच कांहीं आहे त्यालाच दानाची सावली मिळावी, असा उलटा प्रकार घडण्याचा संभव येथें होता. कवाइतीचा उपयोग केवळ लष्करासाठीं नाहीं, हें दाखविणारा तिसरा मार्ग १९४१ सालीं पुण्यास सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलानें घेतला. शाखा, संचलन आणि शिबिरें तेथेंहि होतीं. पण मुलगे व मुली एकत्र, आणि जातिधर्माची अट नाहीं. पैसा मात्र त्या दलापाशीं कधींच मुबलक नव्हता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा प्रश्न सरकारनें हातीं घेतला. १९४६ सालीं पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. देशांतील व परदेशांतील छात्रसंघटनांचा अभ्यास करून समितीनें १९४७ सालीं अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा कीं, ही संघटना कॉलेजापुरती ठेवूं नये. शाळांतहि न्यावी आणि मुलींसाठींहि उघडावी. घटनासमितीनें कायदेमंडळ म्हणून ८ एप्रिल १९४८ रोजीं विधेयक मंजूर केलें, १६ एप्रिल रोजीं त्याचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय छात्रसेनेचें कार्य सुरू झालें. आरंभींची संख्या अवघी २०,००० होती. पहिले संचालक होते कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. हेच गृहस्थ पुढें १९७३ ते १९७५ या काळांत भारताचे सेनाप्रमुख झाले. लोकमान्यांनीं ज्या अंमलदारीसाठीं पैज लावली होती, तिच्या शिखरावर सुमारें पंचावन्न वर्षांनीं छात्रसेनेच्या या पहिल्या संचालकाचें नांव लागलें.

१९४९ सालीं मुलींचा विभाग निघाला, १९५० सालीं हवाई शाखा व १९५२ सालीं नाविक शाखा आली. या योजनेची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. मध्यवर्ती सरकारनें कायम लष्करी नोकर, हत्यारें व गणवेश पुरवावे. राज्य सरकारनें कचेऱ्या, छावण्या व इतर खर्चाचा वांटा उचलावा. आणि शाळेनें जागा, मुलें व एक शिक्षक द्यावा. जात, धर्म किंवा बापाची मिळकत विचारण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या समाजाला एके काळीं छावणीच्या दारांतून परत फिरावें लागलें, त्या समाजाचा मुलगा आणि संस्थानिकाचा मुलगा एकाच रांगेंत, एकाच बुटांत उभा राहूं शकला. दानानें जें साधलें नव्हतें तें कायद्यानें साधलें. मात्र याचा अर्थ दानाची गरज संपली असा नव्हे. कोंकणांत तर ती वेगळ्या रूपानें पुढें आली.

छात्रसेनेची तुकडी काढावयाची तर प्रथम शाळा पाहिजे, आणि शाळेला पटांगण पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यावरील हायस्कुलें कोणीं बांधलीं? सरकारनें क्वचित्, बहुतेक ठिकाणीं तीं मुंबईच्या पैशानें उभीं राहिलीं. गिरणींतील कामगार, गोदींतील हमाल, बोटीवरील खलाशी आणि पेढीवरील व्यापारी यांनीं आपापल्या गांवच्या मंडळांतून वर्गणी गोळा केली, आणि त्या वर्गणीच्या चिऱ्यांनीं शाळांच्या भिंती चढल्या. मालवणच्या टोपीवाला हायस्कुलास ज्यांचें नांव आहे ते अनंत शिवाजी देसाई हे मुंबईस टोप्यांच्या व्यापारांत वर आले. त्यावरूनच त्यांस टोपीवाले हें नांव पडलें. मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजलाहि याच घराण्याचें नांव आहे. सावंतवाडीस १९६१ सालीं कॉलेज निघालें. त्याला तेथील राजे पंचम खेमराज यांचें नांव देण्यांत आलें. पुढें मालवणासहि स. का. पाटील यांच्या नांवाचें सिंधुदुर्ग महाविद्यालय झालें. या दात्यांपैकीं अनेकांच्या मनांत छात्रसेनेचा विचारहि नसेल. पण विद्येसाठीं दिलेल्या जागेवर पुढें कवाईत उभी राहिली. दान एका हेतूनें करावें आणि त्याचें फळ दुसऱ्याच हेतूस यावें, असें पुष्कळदां घडतें. आणि असें दानच बहुधा अधिक टिकतें.

संघटनेच्या वाढीची परीक्षा १९६२ नंतर झाली. चीनच्या आक्रमणानें देश हादरला आणि १९६३ सालीं कॉलेजांतील विद्यार्थ्यांस छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. संख्या एकदम फुगली. पण शिकविणारे तेवढे नव्हते. सक्तीच्या कवाइतींत शिस्तीपेक्षां हजेरीलाच महत्त्व आलें. १९६८ च्या सुमारास सक्ती उठली, आणि १९६९ सालीं राष्ट्रीय सेवा योजना निघाल्यावर समाजसेवेची आवड असलेल्या विद्यार्थ्यांस दुसरी वाट मिळाली. ज्यांस केवळ सक्तीनें आणलें होतें ते गेले. ज्यांस आवड होती ते उरले. छात्रसेनेचा पाया ऐच्छिक सेवा हाच असला पाहिजे, हा धडा या पांच वर्षांनीं घालून दिला.

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरीचा दक्षिण भाग निराळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला व ओरोस येथें त्याचें मुख्य ठाणें वसलें. छात्रसेनेची ५८ महाराष्ट्र बटालियन ही याच जिल्ह्याची होय. तिचें ठाणेंहि ओरोस येथेंच असून ती कोल्हापूरच्या ग्रुपखालीं येते. कायम पलटणींतून आलेले सुभेदार व हवालदार तेथें शिकविण्याचें काम करतात. पण ओरोसहून देवगड, वैभववाडी, मालवण, वेंगुर्लें, दोडामार्ग या टोंकांपर्यंत ते रोज जाऊं शकत नाहींत. आठवड्याच्या आठवड्याला मुलांपुढें उभा राहतो तो त्या शाळेचाच मास्तर.

येथें छात्रसेनेच्या सर्वांत मोठ्या, आणि कोणत्याहि वहींत न लिहिल्या गेलेल्या, दानाशीं श्रोत्यांची गांठ पडते. हा मास्तर गणित किंवा भूगोल शिकवितो. नागपूरजवळ कामठीस छात्रसेनेच्या अंमलदारांची शाळा आहे; तेथें जाऊन तो धांवतो, बंदूक खोलतो, पुन्हा जोडतो, आणि खांद्यावर पट्टी लावून परत येतो. त्याला मानधन मिळतें, पण तें मानधनच असतें. त्यावर कोणी संसार चालवीत नाहीं. पावसाळ्यांत पटांगणावर चिखल झाला म्हणजे तो व्हरांड्यांत नकाशावाचन शिकवितो. गणवेश आले कीं कोणाला मोठा, कोणाला तोकडा, हें बघून शिंप्याकडे धांवतो. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरास मुलगी पाठविण्यास बाप राजी नसेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. बंदुकीच्या नेमबाजीला मुलांना नेलें तर संध्याकाळीं शेवटचा मुलगा घरीं पोंचेपर्यंत त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. राज्यानें बंदूक दिली, दात्यानें इमारत दिली. या मास्तरानें आपले रविवार दिले. या तिघांपैकीं पहिल्याचें नांव कायद्यांत आहे, दुसऱ्याचें नांव शाळेच्या दारावर आहे, आणि तिसऱ्याचें नांव फार तर मुलांच्या आठवणींत राहतें.

या श्रमाचें फळ काय, असें विचारणारे आहेत, आणि तो प्रश्न गैर नाहीं. कवाइतीनें मुलें केवळ हुकुमाचीं ताबेदार होतील, अशी भीति पूर्वींहि व्यक्त झाली होती व आजहि होते. हुकूम ऐकणें एवढाच धडा असता तर ही भीति खरीहि ठरती. परंतु छात्रसेनेंत हुकूम देण्याचीहि पाळी येते. आज मागच्या रांगेंत उभी असलेली मुलगी वर्षभरानें रांगेपुढें येऊन तीस मुलांना चालविते. आणि ज्याला हुकूम देण्याची जबाबदारी एकदां पेलावी लागली, तो पुढें कोणाचाहि हुकूम आंधळेपणानें घेत नाहीं. शाळेंत ‘ए’, कॉलेजांत ‘बी’ व ‘सी’ अशीं प्रमाणपत्रें मिळतात. ‘सी’ प्रमाणपत्रवाल्या पदवीधरासाठीं सैन्याच्या अंमलदारीच्या कांहीं जागा राखून ठेवलेल्या असून त्यांस लेखी परीक्षेवांचून निवडमंडळापुढें जातां येतें. ज्या किनाऱ्यावरच्या शिपायास सुभेदारीपुढें वाट नव्हती, त्याच्या पणतूला ही वाट मोकळी झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

याहूनहि मननीय अशी एक गोष्ट आहे. ज्या मुलांसाठीं दान मागावें, तींच मुलें दुसऱ्यांसाठीं दान मागावयास निघतात. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला सैनिकांचा ध्वजदिन पाळला जातो. छात्रसेनेचीं मुलें डबा घेऊन बाजारपेठ, एस. टी. चें स्थानक, कचेऱ्या फिरतात. नाणें टाकणाऱ्याच्या छातीवर कागदी ध्वज टांचतात. तो पैसा शहीदांच्या विधवांसाठीं, जायबंदी जवानांसाठीं आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीं खर्च होतो. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत, जेथें माजी सैनिकाचें घर नाहीं असा गांव विरळा, हा डबा परक्यासाठीं फिरत नाहीं. १ डिसेंबर १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे १ डिसेंबर २०२१ पासून छात्रसेनेनें समुद्रकिनारे प्लॅस्टिकमुक्त करण्याची ‘पुनीत सागर’ मोहीम देशभर सुरू केली. समुद्रावर जगणाऱ्या मुलखाला या कामाचें मोल वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.

छात्रांच्या स्वतःच्या अडीअडचणींसाठींहि एक निधि आहे. १९८५ सालीं दिल्लीस छात्रकल्याण सोसायटी नोंदली गेली. कवाइतींत वा शिबिरांत अपघात झालेल्या छात्राच्या कुटुंबास मदत आणि हुशार छात्रांस शिष्यवृत्ति, हें तिचें मुख्य काम होय. परंतु दिल्लीचा निधि मोठ्या आपत्तीस धांवून येतो. लहान अडचण गांवांतच सोडवावी लागते. शिबिराला जाण्याचें बसभाडें, बुटांत घालावयाचे मोजे, पहांटे घरून उपाशी निघालेल्या मुलाच्या पोटांत दोन घांस, अशा किरकोळ गोष्टींवांचून पुष्कळ मुलें मागें राहतात.

आज हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजीं छात्रसेनेचा विस्तार देशांतील १७३ सरहद्दी व किनारी जिल्ह्यांत करण्याची घोषणा झाली. एक लक्ष नवे छात्र घेण्याचें व त्यांत एकतृतीयांश मुली असाव्या असें ठरलें. २०,००० वर सुरू झालेल्या या सेनेची मंजूर संख्या आतां २० लक्षांपर्यंत गेली आहे. तरीहि तुकडीची मागणी करणाऱ्या शाळा अनेक आणि मिळणाऱ्या तुकड्या थोड्या, अशी स्थिति आहे. यावर तोड म्हणून स्वखर्चाची एक योजना निघाली असून तींत गणवेश, शिबिरें इत्यादींचा खर्च शाळेनें सोसावयाचा असतो. योजना समजण्याजोगी आहे. सरकारची तिजोरी अमर्याद नाहीं. परंतु इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला येथें थबकावें लागतें. ज्या शाळेपाशीं पैसा आहे तिला तुकडी आधीं मिळाली, आणि ज्या वाडीवर पैसा नाहीं ती वाट पाहत राहिली, तर १९४८ च्या कायद्यानें जें दार सर्वांस उघडलें तें पैशाच्या कडीनें पुन्हा अर्धें लागेल. जातीवरून दार लावणें जसें अन्यायाचें, तसेंच ऐपतीवरून लावणेंहि होय.

हें टाळण्याचा उपाय कोंकणाला नवा शिकावयास नको. ज्या गांवमंडळांनीं मुंबईच्या दहा-बाय-दहाच्या खोल्यांत बसून हायस्कुलें बांधलीं, त्यांच्याच पुढच्या पिढ्या आज ठाणें, डोंबिवली, पुणें येथें सुखवस्तु झाल्या आहेत. त्यांनीं पुतळा उभारण्याची किंवा राजेशाही देणगी देण्याची अपेक्षा नाहीं. आपल्या गांवच्या एका शाळेच्या एका तुकडीचा वर्षाचा किरकोळ खर्च, म्हणजे बसभाडें, न्याहारी आणि मोजे, दहा-वीस घरांनीं मिळून उचलावा, आणि तो हेतूची कोणतीहि अट न घालतां, नांवाची पाटी न लावतां उचलावा. त्याबरोबर शाळांच्या चालकांनीं एक करावें. ज्या मास्तराकडे छात्रसेना आहे त्याच्यावरचें दुसरें एखादें कारकुनी ओझें कमी करावें, म्हणजे त्याचे रविवार त्याला थोडे हलके जातील. बंदूक सरकार देईल, पटांगण पूर्वजांनीं दिलेंच आहे. उरलें तें इतकेंच.

४ डिसेंबर २०२३ रोजीं भारताच्या नौदलानें आपला नौदलदिन मालवणजवळ साजरा केला. तारकर्लीच्या वाळूंतून हजारों लोकांनीं युद्धनौका व विमानें यांच्या कवाइती पाहिल्या, आणि त्यांच्या पाठीशीं सिंधुदुर्गाची तटबंदी उभी होती. तो सोहळा एका संध्याकाळचा होता. त्याच किनाऱ्यावरील शाळांच्या पटांगणांत जी कवाईत होते ती मात्र वर्षानुवर्षें चालावयाची आहे. ती चालूं राहणें हें दिल्लीच्या हुकुमाइतकेंच मालवण, कुडाळ, सावंतवाडी येथील घरांच्या आणि त्या घरांतून बाहेर पडलेल्या माणसांच्या हातीं आहे.